भाडं न भरायचा शुक्रवार

ग्लेनिस टेटनं आयुष्यात कुणाचा एक पेनी बुडवला नव्हता, आणि ही गोष्ट लार्च रोडवरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असावी याची ती जातीनं काळजी घ्यायची.

टीस नदी समुद्राला मिळते तिथलं ते गाव. पोलादाची भट्टी होती तोवर गावाला ऐट होती. भट्टी विझली तशी ऐट गेली, खोकला तेवढा राहिला. ग्लेनिसचा नवरा स्टॅन भट्टीवरच होता आणि तो खोकला त्यानं घरी आणला. शेवटचं वर्षभर तो मागच्या खोलीत एकटा झोपायचा, कारण त्याच्या प्राणवायूच्या यंत्राची घरघर रात्रभर चालायची आणि ग्लेनिसला पहाटे उठून शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी पोतंभर बटाटे सोलायला जायचं असायचं. तो गेल्यावर खोली तशीच राहिली. कपाटात त्याचे दोन कोट, खिडकीत त्याचा रेडिओ. तिसऱ्या खोलीत मुलगी वाढली होती. ती आता ऑस्ट्रेलियात होती आणि दर नाताळला फोनवर म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की येते, आई."

घर आधी कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं होतं. मग कौन्सिलनं सगळी वसाहत एका घरसंस्थेच्या हवाली केली. दारांचा रंग बदलला, भाडं वाढलं आणि ओल जिथे होती तिथेच राहिली. ग्लेनिसचा पगार तुटपुंजा, म्हणून भाड्याचा मोठा वाटा सरकारी भत्त्यातून परस्पर संस्थेकडे जायचा. उरलेला वाटा ती दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या दुकानात संस्थेचं भाड्याचं कार्ड दाखवून भरायची. पण भत्ता हा शब्द तिच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. भत्ता घ्यायचे ते शेजारचे. ग्लेनिसला मिळायची ती "थोडीशी मदत".

शेजारचे म्हणजे मुख्यतः समोरची थेल्मा क्रेक. थेल्माकडे भाडं कायम थकलेलं. घरात सोफा मात्र नवा, ओठांना लाली, आणि सोमवारी बिंगो कधी चुकलेला नाही. तिच्या दारात वसुलीवाला आला की ग्लेनिस पडदा बाजूला सारून उभी राहायची आणि मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं म्हणायची, "भाडं आधी, मग चहा. आमच्या आईनं एवढंच शिकवलं आम्हाला."

थेल्मा रस्त्यापलीकडून ओरडायची, "तुझ्या आईनं चहा तरी करायला शिकवायचं होतं, ग्लेनिस!"

दोघींचं गेल्या वीस वर्षांचं संभाषण साधारण एवढंच.

मग सरकारनं भत्त्यांची सुधारणा काढली. फुकटे लोक मोठमोठी घरं अडवून बसलेत, त्यांना शिस्त लावायची, असं मंत्री टीव्हीवर सांगत होते. ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात कोबी चिरता चिरता म्हणाली, "बरं झालं! कुणीतरी शेवटी बोललं. एकेकीला तीन-तीन खोल्या लागतात कशाला?" तिच्या डोळ्यांसमोर थेल्माचा नवा सोफा होता.

पुढच्या पंधरवड्यात संस्थेचा वसुली अधिकारी रसेल पाउंडर ग्लेनिसच्याच दारात उभा राहिला. रसेल पन्नाशीचा, सुटलेला, स्वभावानं गरीब. वाईट बातमी सांगायची असली की आधी हवेबद्दल बोलायचा. त्या दिवशी तो हवेबद्दल बराच वेळ बोलला.

"मिसेस टेट," तो अखेर म्हणाला, "नव्या नियमानं तुमच्याकडे दोन खोल्या जादा धरल्यात. भत्त्यातून पाव हिस्सा कापणार. आठवड्याचे वीस पौंड तुम्हाला जास्तीचे भरावे लागतील."

"जादा? माझ्याकडे? अहो, एकीत इस्त्रीचं टेबल आहे, एकीत स्टॅन आहे."

रसेलनं टोपी हातात फिरवली. "मिस्टर टेट तर…"

"त्याचे कोट आहेत." ग्लेनिस म्हणाली. "आणि समोरच्या बयेचं काय? तिच्याकडेही तीन खोल्याच आहेत की!"

"मिसेस क्रेक पेन्शनीत गेल्या. पेन्शनीतल्या लोकांना हा नियम लागू नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. सगळ्या रस्त्यात कायद्याच्या बाजूनं बोलणारी एकटी ग्लेनिस, आणि कायदा बरोबर तिचाच दरवाजा शोधत आला. लोक या कापणीला खोलीपट्टी म्हणू लागले. ग्लेनिसनं तो शब्द तोंडात घेतला नाही. तिनं सरळ लहान घर मागितलं. पण ही वसाहत बांधली भट्टीच्या कामगारांसाठी, पोराबाळांनी भरलेल्या कुटुंबांसाठी. एका खोलीची घरं कुणी बांधलीच नव्हती. "लहान घरात जा" म्हणायला सरकार होतं. जायला घर नव्हतं.

ग्लेनिसनं ते वीस पौंड भरले. वरच्या मजल्याचे हीटर बंद केले. शनिवारी मासे-चिप्सच्या दुकानात फरशी पुसायचं काम धरलं आणि येताना तिथले गार झालेले चिप्स घेऊन यायची. ते चुरून डब्यातल्या कॉर्न्ड बीफचं सारण भरलेली 'पाय' भाजायची. दोन दिवस पुरायची. पाच वर्षं ती अशी जगली, आणि पाच वर्षांत एका शुक्रवारचाही खाडा केला नाही. थेल्माला आता ती पडद्याआडून काही ऐकवत नसे. अंगात दोन स्वेटर घालून पडदा सारायला जीवावर यायचं, हे एक कारण. दुसरं तिनं कुणाला सांगितलं नाही.

या पाच वर्षांत वसाहतीत थकबाकी वाढत गेली. संस्थेची झोप उडाली. मग संस्थेनं शहाण्या माणसांना बोलावून विचारलं की लोक भाडं का भरत नाहीत. शहाण्या माणसांनी बरेच पैसे घेऊन सांगितलं की लोकांना भाड्याचं महत्त्व पटवून द्यायला हवं. तेव्हा एक मोहीम निघाली. मोहिमेला चेहरा हवा होता, आणि सगळी वह्या-दप्तरं चाळून जो एकमेव स्वच्छ चेहरा सापडला तो ग्लेनिस टेटचा.

फोटोवाला घरी आला. ग्लेनिसनं केस सेट करून घेतले होते आणि नाताळचा निळा ब्लाउज घातला होता. हातात कप दिला, त्यात चहा नव्हता. महिन्याभरात बसस्टॉपवर, दवाखान्यात, संस्थेच्या ऑफिसात, सगळीकडे ती झळकली. दोन हात उंच, हसरी, आणि खाली ठळक अक्षरांत, "भाडं आधी, मग चहा!"

थेल्मानं बसस्टॉपवरच्या ग्लेनिसला पेननं मिशा काढल्या. ग्लेनिसनं फडकं नेऊन त्या पुसल्या. मनातून ती इतकी खूश होती की तिला मिशांचंही काही वाटलं नाही.

हे वसंतातलं. शरदात शाळेचं स्वयंपाकघर एका कंत्राटदाराकडे गेलं. बटाटे आता सोललेलेच येणार होते, पिशव्यांतून. ग्लेनिसचे कामाचे तास निम्म्याहून कमी झाले आणि पगार आठवड्याऐवजी चार आठवड्यांनी होऊ लागला. एवढ्यात भागेना, म्हणून ती भत्त्याच्या ऑफिसात "थोडीशी मदत" वाढवून मागायला गेली. तिथल्या मुलीनं सांगितलं की जुनी मदत आता बंद झाली. सगळे भत्ते एकत्र करून नवा एकच भत्ता आलाय, युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा. अर्ज कॉम्प्युटरवर करायचा. पहिले पैसे पाच आठवड्यांनी मिळतील.

"आणि भाडं?"

"तेही त्यातच. तुमच्या हातात येईल. तुम्ही भरायचं."

"पण माझं भाडं तर तुम्ही परस्पर संस्थेला देता ना? इतकी वर्षं?"

"ते बंद झालं. लोकांना जबाबदारीची सवय लागावी म्हणून."

ग्लेनिसनं त्या मुलीकडे पाहिलं. पोर तिच्या हातचा खिमा खाऊन मोठी झालेली असणार, वयाचा अंदाज तसाच होता. "जबाबदारीची सवय," ती पुटपुटली, जणू नव्या भाजीचं नाव पाठ करतेय.

"पाच आठवडे निभत नसेल तर उचल मिळते," मुलगी म्हणाली. "पुढच्या भत्त्यातून थोडी थोडी कापून घेऊ."

"उसनवारी? मी?" ग्लेनिस उठलीच. "स्टॅन गेला तेव्हा मी शवपेटीसुद्धा रोखीनं घेतली."

उचल न घेण्याचा अभिमान पाच आठवडे पुरला. भाड्याचे पैसे तेवढे दिवस पुरले नाहीत. कर्ज घ्यायचं नाही म्हणून ती भाड्याची कर्जदार झाली. शुक्रवारी दुकानासमोरून जाताना ती रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. दुकानदार मात्र दारातूनच हाका मारायचा, "मिसेस टेट, आज भाड्याचं कार्ड नाही? बरी आहे ना तब्येत?"

पहिला भत्ता आला तो कमी आला. शनिवारच्या फरशीचे पैसे, कंत्राटदाराचा पगार, खोलीपट्टी, सगळं त्यातून वजा झालं होतं. त्यातून तिनं आधी वीज भरली, कारण वीजवाला विचारत नाही, तोडतो. तोवर सात आठवड्यांचं भाडं अंगावर आलं होतं. मग संस्थेचं बोलावणं आलं.

ऑफिसात बाकड्यावर बसायला एकच जागा रिकामी होती, ती नेमकी ग्लेनिसच्याच चित्राखाली. शेजारी एक बाळंतीण तान्हं घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं, शेजारी पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"अय्या, तुम्हीच ना त्या चहावाल्या?"

"नाही." ग्लेनिस म्हणाली. "बहीण असेल."

"तरीच. त्या जरा भरलेल्या दिसतात."

रसेलनं तिला आत घेतलं, दार लावलं आणि हवेबद्दल बोलायला लागला. ग्लेनिसनं त्याला मध्येच तोडलं. "रसेल, मला पूर्वीसारखं करून दे बाबा. भाडं परस्पर तुम्हालाच जाऊ दे. माझ्या हातात पैसे नकोत. हातात आले की वीजवाला ओढतो, गॅसवाला ओढतो."

"मिसेस टेट, माझीही तीच इच्छा आहे. संस्थेचीही आहे. तसा अर्ज आम्हाला करता येतो." रसेल थांबला. "दोन महिन्यांची थकबाकी झाल्यावर."

"म्हणजे?"

"म्हणजे, भाडेकरूला स्वतः भरणं जमत नाही हे आधी सिद्ध व्हायला हवं ना. तुम्ही सात आठवड्यांवर आहात."

ग्लेनिस त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "मग मी आणखी बुडवू?"

"मी तसं म्हणालो नाही!" रसेल घाबरून दाराकडे बघत म्हणाला. "माझं काम वसुलीचं आहे. मी कुणाला बुडवा कसं म्हणेन?"

"मग म्हणालास काय?"

रसेलनं खिडकीबाहेर पाहिलं. "मी एवढंच म्हणालो, की एक आठवडा गेला की दुसरा येतो."

शुक्रवार आला. त्या दिवशी पगारही झाला होता. ग्लेनिसला रसेलचं बोलणं समजलं नव्हतं असं नाही. ती शाळेतून निघाली तेव्हा घरी जायचं असंच ठरवून निघाली होती. पण तीस वर्षांची चाल पायांत होती. भानावर आली तेव्हा ती दुकानाच्या काउंटरसमोर उभी होती, कार्ड पुढे होतं आणि दुकानदार पावती फाडत म्हणत होता, "हं, आता कशा माझ्या मिसेस टेट दिसल्या!" तीन आठवड्यांचं भाडं तिनं एका दमात भरून टाकलं होतं. घरी येताना इतकं हलकं वाटलं तिला! मग रसेलचा फोन आला. भाडं जमा झाल्याचं सांगताना त्याचा आवाज रडवेला झाला होता.

पुढच्या महिन्यात आणखी एक गंमत झाली. कंत्राटदाराचा पगार चार आठवड्यांनी, भत्त्याचा हिशोब मात्र महिन्याचा. त्या महिन्यात दोन पगार एकाच हिशोबात पडले. कॉम्प्युटरला वाटलं, बाई श्रीमंत झाली. त्यानं भत्ता शून्य केला. ग्लेनिस पलीकडून कुणी बोलेपर्यंत फोनवर वाजणारं संगीत तासभर ऐकत बसली आणि शेवटी पलीकडची बाई म्हणाली, "मला स्क्रीनवर जे दिसतं तेच मी सांगू शकते, मॅडम. स्क्रीनवर शून्य आहे."

त्या संध्याकाळी ग्लेनिसनं रस्ता ओलांडला आणि आयुष्यात पहिल्यांदा थेल्माचं दार वाजवलं.

थेल्मानं दार उघडून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही. थेल्मा, तुला यातलं कळतं म्हणतात."

"कशातलं?"

ग्लेनिसला शब्द जड गेला. "बुडवण्यातलं."

थेल्मा इतकी हसली की तिला चौकटीला धरावं लागलं. पण मग तिनं ग्लेनिसला आत घेतलं, त्या नव्या सोफ्यावर बसवलं आणि चमचा उभा राहील असा काळा चहा दिला. सोफा जवळून पाहिला तर नवा नव्हताच. दर काही वर्षांनी ती त्याला नवीन कापड घालायची. निम्म्या रस्त्याचे भत्त्याचे अर्ज थेल्माच्याच स्वयंपाकघरात भरले जायचे, हेही ग्लेनिसला त्या दिवशी कळलं. समोर राहून.

थेल्मानं सगळं ऐकून घेतलं. "अगं बाई, तुझा आजार साधा आहे. तुला भाडं भरायचं व्यसन आहे."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कसली? माझा भाऊ दारू प्यायचा. शुक्रवारी पगार झाला की पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. तुझे दुकानाकडे वळतात. औषध एकच आहे. शुक्रवारी पाकीट माझ्याकडे द्यायचं."

आणि खरंच, पुढचे सगळे शुक्रवार ग्लेनिस शाळेतून सुटली की थेल्मा फाटकाशी उभी असायची. भट्टीवरच्या कामगारांच्या बायका पूर्वी पगाराच्या दिवशी नवऱ्यांना गाठायला उभ्या राहायच्या, अगदी तशी. पाकीट काढून घ्यायची, भाड्याचे पैसे वेगळे करून मुरांब्याच्या बरणीत टाकायची आणि ग्लेनिसला धरून घरी न्यायची. दुकानाच्या कोपऱ्यावर ग्लेनिसची पावलं अडखळायची.

"निदान पाच पौंड तरी भरू दे गं."

"एक पेनी नाही. चल पुढे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्याबद्दल तीस वर्षं म्हणतायत. मी मेले का?"

मग थेल्माकडे बसून दोघी पत्ते खेळायच्या. ग्लेनिसचं लक्ष बरणीकडे. रात्री तिला झोप लागेना. बुडवणाऱ्या माणसांना गाढ झोप लागते असं ती इतकी वर्षं समजत आली होती. तो समज कुठून आला होता, कोण जाणे.

याच दिवसांत रसेल एक आनंदाची बातमी घेऊन आला. समुद्राकाठच्या इमारतीत एका खोलीचं घर रिकामं झालं होतं. भाडं कमी, खोलीपट्टी नाही, खिडकीतून समुद्र. पाच वर्षांपूर्वीच्या यादीत ग्लेनिसचं नाव आता पहिल्या नंबरावर होतं. ग्लेनिसनं त्याच दिवशी जाऊन घर पाहिलं. कुठे काय ठेवायचं तेही मनात ठरवलं. स्टॅनचे कोट दाराच्या मागे मावले असते. दोन दिवसांनी रसेल पुन्हा आला आणि वाऱ्याच्या दिशेबद्दल बोलायला लागला.

"सांगून टाक," ग्लेनिस म्हणाली.

"थकबाकी असलेल्या भाडेकरूला घर बदलून देता येत नाही. नियम आहे. मी वर बोलून पाहिलं."

"घर मोठं म्हणून थकबाकी झाली."

"हो."

"आणि थकबाकी झाली म्हणून लहान घर नाही."

"हो," रसेल म्हणाला. तिनं दिलेला चहा तो प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवून गेला.

शेवटी थकबाकी दोन महिन्यांची झाली. रसेलनं फोन करून अभिनंदन केलं, मग जीभ चावली. परस्पर भाड्याचा अर्ज मंजूर झाला. वर मागची बाकी फेडायला दर महिन्याला भत्त्यातून थोडी कापणीही ठरली. ग्लेनिसनं बरणी उचलली, दुकानात गेली आणि सगळी रक्कम थकबाकीत भरून आली. या वेळी थेल्मानं अडवलं नाही. बरणीत होतं तेवढ्यानं निम्मी थकबाकीही फिटली नाही, पण ग्लेनिसच्या गालांवर रंग आला.

चार दिवसांनी कोर्टाचं समन्स आलं.

घर खाली करून घेण्याचे दावे टाकण्याचं काम संस्थेचं दुसऱ्या शहरातलं खातं करायचं. दोन महिन्यांची थकबाकी दिसली की तिथला कॉम्प्युटर आपोआप दावा टाकायचा. ज्या आकड्यानं रसेलला अर्ज करता आला, त्याच आकड्यानं दावाही लागला होता. "मी कळवलं होतं त्यांना," रसेल म्हणाला. "त्यांचं उत्तर आलंय, कळवल्याबद्दल आभारी आहोत."

कोर्टात ग्लेनिस निळा ब्लाउज घालून गेली. थेल्मा लाली लावून सोबत. कोर्टाच्या दारावरचा शिपाई थेल्माला पाहून म्हणाला, "या, मिसेस क्रेक, आज तुमची तारीख नाही." थेल्मा म्हणाली, "आज मी पाहुणी आहे, राजा."

न्यायाधीश बाई चष्मेवाली, आवाजानं कोरडी. समोर कागदांचा ढीग आणि बाहेर अजून वीसेक भाडेकरू. तिनं भराभर पानं उलटली आणि एका पानावर थांबली.

"मिसेस टेट, तुमच्या बँकेच्या नोंदी मी पाहतेय. सलग काही शुक्रवारी तुमच्या हातात पैसे होते. तरी तुम्ही भाडं भरलं नाहीत. का?"

"भरलं असतं तर संस्थेचं भाडं वसूल झालं नसतं, बाईसाहेब."

"पुन्हा सांगा."

ग्लेनिसनं पुन्हा सांगितलं. भरत राहिलं तर थकबाकी दोन महिन्यांची होत नव्हती. ती झाल्याशिवाय भाडं परस्पर जात नव्हतं. परस्पर गेल्याशिवाय ते नियमित भरलं जाणार नव्हतं. म्हणून नियमित भाडं भरलं जावं यासाठी तिनं भाडं भरणं बंद केलं. "मला जमत नव्हतं, बाईसाहेब. या थेल्मानं पाकीट काढून घेतलं तेव्हा जमलं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि संस्थेच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं रसेलकडे पाहिलं. रसेलनं छताकडे पाहिलं.

"हे खरं आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नियमाप्रमाणे… हो," वकील म्हणाला.

घर गेलं नाही. दर महिन्याची कापणी चालू राहील तोवर ताबा घेऊ नये, असा हुकूम झाला. दाव्याचा खर्च मात्र नियमानुसार कागदोपत्री हरलेल्या बाजूवर, म्हणजे ग्लेनिसवर पडला. तो थकबाकीत मिळवण्यात आला. कोर्टात जाण्यापूर्वी जितकं देणं होतं त्याहून जास्त देणं घेऊन ती जिंकून बाहेर पडली. आता सगळं फिटायला सहा वर्षं लागणार होती. पायऱ्या उतरताना ती थेल्माला म्हणाली, "तोवर मी पेन्शनीत जाईन."

"मग तर सुटलीस," थेल्मा म्हणाली. "चल, पार्मो खाऊ. पैसे मी देते, उगाच तुझा हात पाकिटाकडे जायला नको." पावाच्या चुऱ्यात तळलेलं ते कोंबडीचं मांस आणि वरचं वितळलेलं चीज ग्लेनिसनं बोटं चाटून खाल्लं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं काही पोटभर खाल्लं होतं.

खोली भाड्यानं द्यायची कल्पना थेल्माचीच. नव्या भत्त्यात घरात ठेवलेल्या पोटभाडेकरूचे पैसे मोजत नाहीत, हे भत्त्याच्या ऑफिसातल्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. थेल्माला होतं. सरकारच्या लेखी खोली जादाच राहणार, कापणी होतच राहणार, पण निदान तिच्यातून चार पैसे येतील.

स्टॅनचे कोट खाली आणताना ग्लेनिसनं थेल्मालाही वर येऊ दिलं नाही. ती बराच वेळ वर होती. एक कोट तिनं चर्चच्या जुन्या कपड्यांत दिला. दुसरा स्वतः घालायला लागली. हिवाळ्यात घरात तोच घालून बसायची. हात लांब होते, दुमडले की व्हायचं.

खोली बघायला ऑड्री नावाची बाई आली. पंचेचाळिशीची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, हातात एकच बॅग. खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, दर विचारला. नोकरी कुठे, असं ग्लेनिसनं विचारलं तेव्हा ती जरा घुटमळली.

"भत्त्याच्या ऑफिसात. फोनवर असते. कंत्राटी आहे. त्या पगारात अख्खं घर घेणं होत नाही."

ग्लेनिसनं तो फोनवरचा आवाज ओळखला की नाही, ते तिचं तिला ठाऊक. असल्या आवाजाच्या बायका तिथे पन्नास बसतात. तिनं फक्त विचारलं, "रात्री घोरतेस?"

"नाही."

"घोरलीस तरी चालेल. त्या खोलीला सवय आहे."

ऑड्री राहायला आली. बाई नीटनेटकी, अबोल. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी इतकी दमलेली असायची की बूट न काढताच जिन्यावर बसून राहायची. ग्लेनिस तिला नियमांबद्दल कधी काही विचारत नसे. थेल्मा मात्र पत्ते खेळताना तिला नियम शिकवायची. ऑड्री ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घ्यायची, दुसऱ्या दिवशी फोनवर सांगायला.

तिसऱ्या महिन्यात ऑड्रीचं कंत्राट नवं व्हायला उशीर झाला. शुक्रवारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, ओठ चावत. "ग्लेनिस, या आठवड्याचं भाडं… मला थोडी मुदत मिळेल का?"

ग्लेनिस ओट्यापाशी बटाटे सोलत होती. लांब कोटाची बाही घसरून पाण्यात भिजत होती. तिनं हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला.

"बस इथे," ती म्हणाली. "आणि ही बाही जरा वर कर माझी. हात ओले आहेत."